आईला चढता येईल इतकी उंच

बोईसरमध्ये आर्गन वेल्डर शोधत हिंडावं लागत नाही. औषधांचे आणि रसायनांचे कारखाने, त्यांतल्या स्टेनलेसच्या टाक्या, रिॲक्टर, जिकडेतिकडे गेलेले पाइप. हे सगळं जोडता जोडता इथली एक अख्खी पिढी सांधा मारण्यात तरबेज झाली. दुसऱ्या गावात स्टेनलेसचा तुकडा घेऊन गेलं की दुकानदार आधी मान हलवतो. इथे तो उलट विचारतो, ‘तीनशे चार लावू की तीनशे सोळा?’ ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, खारी हवा त्याला सहजासहजी खात नाही. मोटारसायकलच्या कॅरिअरला ३१६ लावणं म्हणजे निव्वळ चैन. पण भंगारवाल्याकडे ते वजनावर मिळतं आणि चैनीचा मोह आवरत नाही. (कागदोपत्री ही तारापूर एमआयडीसी. उभी आहे बोईसरात. खुद्द तारापूर आपला किल्ला सांभाळत तिकडे खाडीकाठी बसलं आहे. बाहेरच्या पाहुण्याला हे समजावता समजावता चहा गार होतो.)

अशा गावात रस्त्यावरच्या साध्या गाडीची ॲडव्हेंचर बाइक करायचं खूळ कुणाच्या डोक्यात शिरलं नसतं तरच नवल. मी एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. आठवडाभर दुसऱ्याच्या पंपाची सील बदलायची, दुसऱ्याच्या गिअरबॉक्सचं तेल बघायचं, आणि ब्रेकडाउन रिपोर्टवर आपली सही करायची. सुट्टीच्या दिवशी इमारतीच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या गाडीखाली आडवं पडलो की तोच चौदाचा पाना हातात वेगळा लागतो. इथे कुणी विचारत नाही, ‘लाइन कधी चालू होणार?’

ही गाड्यांची जातच मुळी फावल्या वेळातून निघाली आहे. १९८० साली बीएमडब्ल्यूने आर ८० जी/एस बाजारात आणली. तिच्या मुळाशी होती कंपनीच्या चाचणी विभागातल्या माणसांनी हौसेने, रस्त्याच्या गाडीचं इंजिन घेऊन केलेली एक रानगाडी. दुसऱ्याच वर्षी ह्युबर्ट ओरियोलने बीएमडब्ल्यूवर पॅरिस-डाकार शर्यत जिंकली आणि जगभरच्या लोकांना आपल्याला वाळवंटात जायचं आहे असा साक्षात्कार झाला. आपल्याकडे २०११ साली हिरोने इम्पल्स काढली. दीडशे सीसी, पुढे १९ इंची चाक, मागे १७. गाडी वेळेआधी आली, गिऱ्हाईक अजून यायचं होतं. २०१६ साली रॉयल एनफील्डची हिमालयन आणि २०१९ साली हिरोची एक्सपल्स आली, तोवर मात्र लोक मोबाइलवर लडाख बघून पुरते तयार झाले होते.

‘मग सरळ एक्सपल्सच घे ना. चांगली चालती गाडी कशाला खोललीस?’ शेजारचे काका जाता-येता विचारायचे.

पैसे हे एक उत्तर झालं. दुसरं उत्तर ८२३ मिलिमीटर. २०१९ च्या एक्सपल्सचं सीट जमिनीपासून तितकं उंच होतं. माझ्या आईचं वय सत्तरीच्या पुढे, ती साडी नेसते, एका बाजूला बसते आणि बसताना माझ्या खांद्यावर असा काही भार देते की ब्रेक दाबलेला असूनही गाडी हलते. आमच्या घरात वाहन एकच, ते म्हणजे ही युनिकॉर्न. तिच्यावरून फर्स्ट शिफ्टला जायचं, गॅसचा बाटला आणायचा, आईला डॉक्टरकडे न्यायचं आणि चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला. परदेशातला हौशी माणूस गॅरेजातली दुसरी किंवा तिसरी गाडी खोलतो. आपण घरातला एकुलता एक कमावता पोरगा ऑपरेशनला टेबलावर घेतो, आणि सोमवारी सकाळी तो कामावर हजर हवा असतो.

त्यामुळे माझ्या गाडीची उंची कुठल्या कंपनीच्या तक्त्यावरून ठरली नाही, ती आईच्या पायावरून ठरली. मागची बाजू एक बोटसुद्धा वर न्यायची नाही. लांब शॉकॲब्सॉर्बर लावून गाडी मागून उचलणारे पुष्कळ आहेत. दिसायला रुबाबदार दिसते, पण मागून उचलली की पुढचा फोर्क उभा होतो आणि वेगात हँडल चुळबुळ करायला लागतं. शिवाय चेनचा कोन बदलून ती स्विंगआर्मवर घासते. मी सगळी उचल पुढेच घेतली. युनिकॉर्नला पुढे १८ इंची चाक असतं. त्या जागी १९ इंची रिम आणि ९०/९० चा टायर बसवला की धुरा साधारण दीड-दोन सेंटीमीटर वर जातो. फोर्क किंचित कलतो, हँडल थोडं आळसावतं, वळायला क्षणभर जास्त घेतं. पण खड्ड्यांच्या रस्त्यावर नाक सरळ ठेवतं. मडगार्ड मात्र वर न्यावंच लागतं, नाहीतर विक्रमगडच्या पुढची चिकण माती टायर आणि मडगार्डच्या मध्ये ठासून बसते आणि चाक फिरायचं थांबतं. आणि पुढच्या चाकावरून चालणारा स्पीडोमीटर आता खोटं बोलतो: तो पन्नास म्हणतो तेव्हा आपण बावन्न-त्रेपन्नच्या आसपास असतो.

रिम तारांची घेतली. ॲलॉयचं चाक दगडावर आदळलं तर तडकतं. तारांचं वाकतं, आणि वाकलेलं ठोकून, तारा आवळून पुन्हा बरंचसं सरळ होतं. तारा ओवून देणारे कारागीर आता कमी राहिलेत. मला पालघरमध्ये सायकलच्या दुकानात एक आजोबा भेटले. छत्तीस तारा त्यांनी बोलता बोलता ओवल्या. मग चाक उभं फिरवून एकेका तारेवर नखाने टिचकी मारत गेले. सैल तार बद्द बोलते, आवळलेली खणखणीत. मीटर नाही, गेज नाही. एका तारेपाशी थांबले, चावी पाव फेरा फिरवली, पुन्हा टिचकी. ‘आता ऐक,’ म्हणाले. मला काहीच फरक कळला नाही. त्यांना कळला होता.

खालच्या पत्र्यावरून माझं वेल्डरभाऊंशी बरंच वाजलं. इंजिनच्या पोटाला दगड लागू नये म्हणून खाली पत्रा लावतात. भाऊंचा हट्ट लोखंडाचा. ‘दादा, हत्ती उभा राहिला तरी वाकणार नाही.’ मी हिशेब मांडला. चाळीस सेंटीमीटर लांब, तीस रुंद, तीन मिलिमीटर जाड पत्रा लोखंडाचा केला तर पावणेतीन किलोच्या वर जातो. ॲल्युमिनियमचा चार मिलिमीटर जाड घेतला तरी सव्वा किलोच्या आसपास. दीडेक किलोसाठी एवढी घासाघीस कशाला, असं भाऊंचं मत. पण गाड्या अशाच जडावतात, दीड-दीड किलोने. आधी पत्रा, मग तीन नळ्यांचा गार्ड, मग चार दिवे, मग दोन्ही बाजूंना खोके. शेवटी नाकापेक्षा मोती जड होतो आणि चिखलात पडलेली गाडी एकट्याने उचलता येत नाही. ॲल्युमिनियमच ठरलं. ऑइल ड्रेनच्या नटापुरतं भोक ठेवलं आणि बोल्टखाली नायलॉनचे वॉशर आणि ग्रीस. कारण स्टेनलेसचा बोल्ट थेट ॲल्युमिनियमवर बसला आणि त्याला चिंचणीकडचं खारं वारं लागलं, की मध्ये पांढरी भुकटी धरते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत बोल्ट जन्माचा सोबती होतो. वाचलेलं लोखंड म्हणून भाऊंनी साइड स्टँडला खाली तळहाताएवढा तळवा मारून दिला, गाडी मातीत रुतू नये म्हणून. सगळ्या कामात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी गोष्ट तीच निघाली.

चासीला मात्र ग्राइंडर लावायचा नाही हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसी बुकातला तपशील आणि मूळ उत्पादकाने दिलेला तपशील जुळला पाहिजे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. म्हणून इंजिन, चासी, सायलेन्सर जसेच्या तसे. जे लावलं ते बोल्टने, पाना घेतला की निघेल असं. तरीही काय चालतं आणि काय नाही, हे आरटीओत विचारूनच हात घालावा.

साडी गार्डवरून मात्र गंमत झाली. ॲडव्हेंचर बाइकच्या फोटोंत साडी गार्ड कधी दिसत नाही. माझ्या भाच्याने तो सगळ्यात आधी काढायला घेतला. पण १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ क्रमांकाचा नियम म्हणतो, मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक किमान अर्धं झाकलेलं हवं. शिवाय पाय ठेवायला जागा आणि धरायला मूठ. मी भाच्याला नियम वाचून दाखवला. आईने नियम ऐकला नाही, नुसतं पाहिलं. गार्ड जागेवर राहिला.

श्रावण सरला की मी जव्हारची वाट धरतो. बोईसर-चिल्हार रस्त्यावर टँकरांची रांग असते, म्हणून पालघरवरून. वाघोबा खिंडीत सगळे थांबतात तसं थांबून हात जोडायचे, माकडांपासून पिशवी सांभाळायची, मनोरला उतरायचं. विक्रमगड सोडलं की जव्हारची चढण, साडेचारशे मीटरच्या आसपास. मुख्य रस्ता सोडून एखाद्या पाड्याकडे वळलं की डांबर संपतं आणि फरशी पुलावरून पाणी वाहत असतं. फरशीवर गाडी बंद पडते ती बहुधा इंजिनात पाणी गेल्याने नाही. कार्ब्युरेटरला हवा घेणारी एक बारीक नळी खाली लोंबत असते, ती बुडाली की पेट्रोल उतरायचं थांबतं. ती नळी मी टाकीखाली वर नेऊन बांधली आहे, वीस रुपयांच्या ट्यूबचं काम. त्याचा तोरा मिरवत मी फरशी ओलांडत होतो, तेवढ्यात समोरून एक पोरगा स्प्लेंडरवर आला. पायात स्लिपर, मागे ओल्या गोणपाटातल्या मोगऱ्याच्या दोन पिशव्या, दादरच्या बाजाराची घाई. पाय वर घेतले, ॲक्सिलेटर एकसारखा धरला आणि पाणी उडवत निघून गेला. त्याची नळी लोंबतच होती. माझ्या गाडीकडे मात्र त्याने वळून पाहिलं, हे कबूल.

राहता राहिला मागचा डबा. तो माझ्या एका फॅब्रिकेटर मित्राने बनवून दिला. मित्र औषध कंपन्यांची कामं करतो, त्यामुळे त्याला ढिलं काही बनवताच येत नाही: ३१६ चा पत्रा, आतून बफिंग, झाकणाला सिलिकॉनचं गॅस्केट, दोन्ही बाजूंना क्लॅम्प. पाण्याचा थेंब आत जाणार नाही, अशी त्याने हमी दिली, आणि ती खरी ठरली. त्यात हत्यारं, पंक्चरचं सामान आणि जास्तीची ट्यूब ठेवायची असं माझ्या मनात होतं. आईने डबा उघडून आत हात घालून मापला आणि म्हणाली, ‘दोन किलो बसतील.’

त्या रविवारी आम्ही सातपाटीला गेलो, सुके बोंबील आणायला. तिला पहिल्यांदाच नव्या सीटवर बसवलं. पालघरच्या कुशनवाल्याने मागचा फोम थोडा कोरून दिला होता. चढली, खांद्यावर नेहमीसारखा भार दिला, गाडी हलली. शिरगावच्या पुढे खड्डे लागले तेव्हा मी मुद्दाम वेग कमी केला नाही. काही बोलते का म्हणून वाट पाहिली. ‘पुढे बघ,’ एवढंच म्हणाली.

बोंबील डब्यात दोन दिवस राहिले. गॅस्केट इतकं चांगलं की वास बाहेर यायला जागाच नव्हती, तो सगळा आत मुरला. साबण झाला, लिंबू झालं, बेकिंग सोडा झाला. आता जव्हारच्या घाटात पंक्चर काढायला मी डबा उघडला की पाड्यावरची दोन-चार मांजरं कुठून येतात कळत नाही. मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, मग गॅस्केट काढून देतो. आई म्हणाली, अजिबात काढू नकोस, पावसाळ्याआधी अजून एक खेप करायची आहे.