सासूबाईंची तीन लुगडी

आमच्या नंदुरबारला हिवाळ्यात गावाबाहेर मिरची वाळत घालतात. त्या जागेला इथे 'पथारी' म्हणतात. नजर पोचेल तिथवर लालभडक! ठसक्याने जीव जातो खरा, पण माझ्या गोधड्यांचे रंग मला तिथेच सापडतात.

सासूबाई गेल्यावर त्यांची तीन जुनी लुगडी बोहारणीला द्यायचं घरात घाटत होतं. एका पातेल्यापायी? मी ती मागून घेतली. लाल लुगड्याचे चौकोन पथारीसारखे ओळीने मांडले. चंद्रकळेवर पांढरा धावदोरा घातला, तो अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीत नाचणाऱ्यांच्या अंगावरचे ठिपके आठवून.

मैत्रिणींनो, करून बघणार असाल तर कापड सुतीच घ्या. रंग जातो का, ते आधी भिजवून पाहा. थर कच्च्या टाक्यांनी टाचून घ्या, म्हणजे सरकत नाहीत. मग कडेकडून आत शिवत या.

"बाजारात ब्लँकेट स्वस्त मिळतं," असं हे म्हणाले होते. थंडी पडली तशी आईची गोधडी त्यांनीच न बोलता ओढून घेतली. उरलेल्या तुकड्यांची आता नणंदेसाठी शिवतेय. तिलाही आईचं काही हवंच की!