धाकट्या भावाचा लेथ

आमच्या साताऱ्याच्या घरीं, परसांतील खोपींत, लांकूड कातण्याचा एक पायलेथ वीस वर्षें गंजत पडला होता. तो माझ्या कै. धाकट्या भावाचा. शाळेंत मी लक्ष्मणराव किर्लोस्करांची कथा दरवर्षीं रंगवून सांगत असें : मुंबईस यंत्ररेखन शिकविणाऱ्या या पुरुषानें १९१० सालीं, औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं दिलेल्या माळरानावर, आजच्या सांगली जिल्ह्यांत, किर्लोस्करवाडी वसविली व लोखंडी नांगर केले. घरीं भावास मात्र मीं एकदां सर्वांदेखत म्हटलें, "शास्त्र्यांच्या कुळांत हा सुतार कोठून निपजला?" त्या दिवसापासून त्यानें लेथास हात लावला नाहीं.

निवृत्तीनंतर नातवास हाताशीं घेऊन मीं तो बाहेर काढला. रॉकेलानें गंज भिजवून पॉलिश पेपरनें घांसला, चाकाच्या आंसास तेल दिलें, चामड्याचा नवा पट्टा चढविला. पायाखालची फळी दाबतांच चाक फिरूं लागलें. जन्मभर संधि-समास सोडविले. घरचें माणूस तेवढें उलगडलें नाहीं!

मीं कातलेलें पहिलें लाटणें एका बाजूस जाड झालें आहे. सूनबाई पोळ्या अजून भावाच्याच लाटण्यानें लाटतात.