खालून चढणारी वाफ

मास्क लावला की वाफ आधी खालून चढते. नाकाच्या दोन्ही बाजूंनी, गालाच्या उंचवट्यावरून ती काचेच्या खालच्या, आतल्या कोपऱ्यात शिरते. प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरणाऱ्याला विचारा, नेमका तोच कोपरा वाचायचा असतो. म्हणजे समोरचा जिना दिसतो, दारावरचा नंबर दिसतो, हातातला कागद तेवढा दिसत नाही. कोविडच्या साथीत, २०२० च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली आणि आम्हा काही शिक्षकांना नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यात घरोघर फिरायचं काम लागलं. माझी सगळी भिस्त त्या कोपऱ्यावरच होती.

काम साधंच. घरातल्या प्रत्येकाचा ताप बघायचा, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, मधुमेह-रक्तदाब विचारायचा, सगळं नोंदवायचं. ताप ३८ अंशांच्या वर किंवा ऑक्सिजन ९५ च्या खाली असला की त्या माणसाला पुढच्या तपासणीला पाठवायचं. आमच्या ऑक्सिमीटरवरचे आकडे लाल रेघांचे, जुन्या कॅल्क्युलेटरसारखे. त्या आकड्यांत ८ आणि ९ मध्ये फक्त एका रेघेचा फरक. म्हणजे ८९ आणि ९९ मध्येही तेवढाच. एक माणूस दवाखान्यात जायला हवा, दुसरा ठणठणीत, आणि मधली ती रेघ माझ्या वाफेत. म्हणून आकडा एकीने मोठ्याने वाचायचा आणि दुसरीने बघून लिहायचा, असं मी आणि माझ्या जोडीच्या आशाताईंनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं.

कोपरखैरण्यात सिडकोने माथाडी कामगारांसाठी बांधलेली छोटी घरं आहेत. सातारा-सांगलीकडून आलेली, तुर्भ्याच्या मार्केटात पाठीवर गोणी वाहणारी कुटुंबं. घरांवर मजले चढलेले, जिने अरुंद आणि उभे. गल्लीत उन्हात चालताना चष्मा बरा असायचा. दोन मजले चढून दारात उभी राहिले, की काचा पांढऱ्या. तिसऱ्या मजल्यावरचे एक काका दारातच म्हणाले, “मॅडम, दिसतंय का तुमास्नी? चष्मा काढा की.” चष्मा काढला तर काकाच दिसेनात.

काच पांढरी होण्याचं कारण शाळेत सातवीला शिकवतो तेच. उच्छ्वास ओलसर आणि शरीराइतका नाही तरी त्याच्या जवळपास ऊबदार असतो. काच त्याहून थंड असली की ती वाफ काचेवर बारीक थेंब होऊन बसते आणि प्रकाश इकडेतिकडे विखुरतो. उन्हात काच तापलेली असते म्हणून त्रास कमी. पंखा चालू असलेल्या खोलीत काच निवते, त्यात जिना चढून श्वास जोराचा झालेला. मास्क नसता तर तो समोर गेला असता, मास्कमुळे वर वळतो.

उपाय सांगणारे मात्र वर्गातल्या पोरांसारखे, सगळ्यांचे हात वर. टूथपेस्ट चोळा, बटाटा फिरवा, दाढीचा फेस लावा. टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते, महागड्या काचेवरचं कोटिंग त्याने जातं, तेव्हा तिच्या वाटेला गेले नाही. पदराने पुसणं तर व्यर्थच. पुढच्या उच्छ्वासाला पुन्हा तेच. आमच्यातल्या एका सरांचा चष्मा मात्र कायम लखलखीत. त्यांच्या मास्कला पुढे व्हॉल्व्ह होता. पण केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी जुलैमध्येच राज्यांना पत्र लिहून असल्या मास्कबद्दल बजावलं होतं: आतला श्वास न गाळता थेट बाहेर पडतो. सरांचा चष्मा स्वच्छ राहत होता तो समोरच्याच्या जिवावर. सांगितल्यावर त्यांनी निमूटपणे मास्क बदलला.

मला उलट हे पटलं की चष्म्यावरची वाफ ही मास्कची चाचणी आहे. काच पांढरी होते याचा अर्थ नाकापाशी फट आहे, आणि तिथून बाहेर जाणारी हवा आतही येत असणार. तेव्हा काचेच्या आधी फट बघायची. घरी शिवलेल्या कापडी मास्कच्या वरच्या दुमडीत मी ब्रेडच्या पिशवीला असते ती बारीक तार घातली आणि दोन्ही हातांच्या बोटांनी ती नाकावर बसवली. चिमटीत दाबली तर मधोमध टोक येतं आणि बाजूंना नव्या फटी राहतात. चष्म्याची नाकावरची बैठक मास्कच्या कडेवर ठेवली, म्हणजे त्याच्या वजनानेही कड दबते. निम्मा प्रश्न तिथेच मिटला.

उरलेला निम्मा शेजारच्या मुलीने सोडवला. ती वाशीला सिडको एक्झिबिशन सेंटरमधल्या कोविड केंद्रात नर्स होती. पीपीई किटमध्ये गॉगल एकदा चढला की पाळी संपेपर्यंत हात लावायची सोय नाही, तेव्हा या विषयात तिच्याइतकं अधिकारी कोण? ती म्हणाली, “काकू, साबणाच्या पाण्यात बुडवायचा, झटकायचा आणि वाळू द्यायचा. पुसायचा नाही.” जिथे चिकटपट्टी चालते तिथे मास्कच्या वरच्या कडेला मायक्रोपोर लावायची, हेही तिचंच. साबणाचा उपाय शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना आधीपासून माहीत होता. इंग्लंडच्या सर्जन्सच्या नियतकालिकात २०११ साली त्यावर छोटं टिपण आलं होतं. काचेवर साबणाचा अगदी पातळ थर राहतो. त्याने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, वाफेचे थेंब न बनता सपाट पापुद्रा पसरतो आणि त्यातून आरपार दिसतं. पुसलं की थरही जातो.

मी भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब वापरायचे. सकाळी निघताना केलेलं दुपारपर्यंत टिकायचं. ऑक्टोबरच्या घामात नंतर पुन्हा करावं लागे. मग कुणाच्या तरी दारातच विचारायचे, “वहिनी, थोडं पाणी आणि भांड्यांचा साबण मिळेल का?” वहिनी आधी गोंधळायच्या. मग घरातल्या आजोबांचा चष्माही पुढे करायच्या, आणि दोन्ही चष्मे वाळेपर्यंत आशाताई आकडे वाचायच्या, मी मोबाइल डोळ्यांजवळ धरून लिहायचे.