आपलीच गेली की सगळ्यांची?

परळच्या आमच्या चाळीत लाइट गेली की अब्बा आधी विचारत, "आपलीच गेली की सगळ्यांची?" मग शेजारच्या खिडकीकडे बघत. धाकटा भाऊ दुबईला निघाला की मला ते हमखास आठवतं.

१ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ जीव गेले. विमानाचा कल दाखवणारं कॅप्टनसमोरचं यंत्र बिघडलं होतं. बाहेर काळोख, सरळ चाललेलं विमान त्यांनी डावीकडे झुकवलं. तिसरं यंत्र खरं सांगत होतं. फ्लाइट इंजिनिअरच्या ते ध्यानात आलं, पण तोवर उशीर झाला होता.

आज सिम्युलेटरमध्ये यंत्रं मुद्दाम बंद पाडून वैमानिकांकडून सराव करून घेतात. एकाने विमान सांभाळायचं, दुसऱ्याने यंत्रं ताडून पाहायची.

भाऊ निघाला की मी दुआ करते: या अल्लाह, वैमानिकाला शेजारच्या खिडकीकडे बघायची आठवण राहू दे.