लेदर, चामडे, कातडे

जनावराच्या अंगावर असते ते कातडे, कमावल्यावर होते ते चामडे, आणि मोटारीच्या दालनात गेल्यावर त्याचेच लेदर होते. पहिल्या दोन शब्दांमधले अंतर प्रक्रियेचे आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या शब्दांमध्ये प्रक्रियेचा तसूभरही फरक नाही, तरी मोटारीच्या एकाही माहितीपत्रकात ‘चामड्याच्या सीटा’ असे मी आजवर वाचलेले नाही. चामडे म्हटले की आधी वास येतो आणि वासामागून गावकुसाकडची एक वस्ती येते. लेदर म्हटले की फक्त नवी गाडी येते.

या शब्दविचाराला निमित्त मात्र अगदी गद्य होते. तीन वर्षांपूर्वी मी जुनी, म्हणजे तेव्हा नऊ वर्षे वापरलेली, मोटार घेतली. तिच्या आधीच्या मालकाने हौसेने लेदरच्या सीटा घेतल्या होत्या आणि तितक्याच हौसेने त्या वापरल्या होत्या. चालकाच्या सीटची दाराकडची उंच कड चढता-उतरताना घासून पांढुरकी पडली होती. मागच्या सीटवर बोटभर लांबीची चीर होती आणि तिच्याभोवती बारीक ओरखड्यांचे जाळे. गाडीच्या अधिकृत दुरुस्ती-केंद्रात दाखवले, तर तिथल्या तरुणाने संगणकात पाहून पूर्ण सीटची किंमत सांगितली. दुरुस्ती हा पर्याय त्याच्या यादीतच नव्हता. सहकाऱ्यांपैकी दोघांनी वरून रेक्झिनची कव्हरे चढवण्याचा सल्ला दिला. खऱ्या चामड्यावर खोटे चामडे चढवून त्याचे रक्षण करायचे, ही कल्पना आपल्या सांस्कृतिक व्यवहाराशी इतकी सुसंगत आहे की ती मला क्षणभर पटलीही.

(रेक्झिन हेही मुळात एका विलायती कंपनीच्या मालाचे नाव. मँचेस्टरजवळच्या हाइड गावी कापडावर सेल्युलोज नायट्रेटचा लेप देऊन आणि त्यावर चामड्याचा पोत उठवून तो माल तयार होई. कंपनीचे नाव विसरले गेले आणि आपल्याकडे सर्वच नकली चामड्याचे ते सामान्यनाम झाले. आपले प्रबंध त्यातच बांधले जातात, हे या वाचकांना सांगायला नकोच.)

शेवटी कोल्हापुरातच एक कारागीर भेटले. वय साठीच्या आसपास, वडील आणि आजोबा चपला करणारे. त्यांनी स्वतः मात्र तरुणपणी मोटारींच्या सीटा शिवायला घेतल्या आणि पुढे चिरा-ओरखडे बुजवण्याचे नवे तंत्रही शिकून घेतले. मी त्यांना मामा म्हणू लागलो, ते मला सर म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी सीटवर हात फिरवला, चिरेची कड नखाने उचलून आत पाहिले आणि म्हणाले, “सर, चामडं निस्तं बूड टेकतंय तेवढ्याच जागंला हाय. बाकी समदं रेक्झिन.”

ते खरे होते. पुष्कळ गाड्यांत ‘लेदर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सीटांच्या कडा आणि पाठी कृत्रिम असतात. ओळखण्याची खूण चिरेतच असते. उलट्या बाजूला कापडाची वीण दिसली तर रेक्झिन. तंतू केसाळ, गुंतलेले, कुठलीही उभी-आडवी वीण नसलेले दिसले तर चामडे. म्हणजे वस्तू शाबूत असेपर्यंत तिची जात कळत नाही, फाटल्यावरच कळते. हे वाक्य माझे, मामांचे नव्हे. त्यांना असल्या वाक्यांची गरज नव्हती.

ओरखड्यांचे काम मला अधिक उद्बोधक वाटले. आपण सीटला हात लावतो तेव्हा चामड्याला हात लावतच नाही. मोटारीच्या चामड्यावर बहुधा रंगद्रव्याचा थर असतो आणि त्यावर पारदर्शक संरक्षक लेप. बहुतेक ओरखडे या लेपात आणि रंगातच थांबलेले असतात. पाण्याचा थेंब टाकून पाहायचा: तो वर गोळीसारखा राहिला तर लेप शाबूत, मुरून डाग गडद झाला तर खालचे चामडे उघडे पडले आहे. मामांनी आधी वर्षानुवर्षांचा घाम आणि तेलकटपणा काढला. त्याला अर्धा दिवस गेला. मग ६०० नंबरचा पॉलिश पेपर अगदी हलक्या हाताने फिरवून ओरखड्यांच्या कडा बसवल्या. जिथे खोलगट होते तिथे लवचीक भरण पातळ थरांत दिले, प्रत्येक थर पूर्ण वाळू देऊन. जाड थर एकदाच दिला तर तो माणूस बसल्याबरोबर तडकतो.

चिरेची रीत वेगळी. तिथे प्रथम आतून ठिगळ द्यावे लागते. चिरेहून चहूबाजूंनी अर्धा इंच मोठा, कोपरे गोल केलेला कापडाचा तुकडा चिरेतूनच आत सरकवायचा, चिमट्याने सपाट करायचा आणि लवचीक डिंकाने चामड्याच्या पाठीला चिकटवायचा. मग दोन्ही ओठ एकमेकांना भिडवायचे. एकावर एक चढू द्यायचे नाहीत. वजन ठेवून वाळू द्यायचे. त्यानंतर भरण, घासणी, पुन्हा भरण. सपाट झालेली जागा चामड्यासारखी दिसत नाही, कारण तिला रंध्रे नसतात. म्हणून शेजारच्या चांगल्या भागाचा ठसा घेऊन तो ओल्या भरणावर दाबायचा. ठिगळ हा शब्द आपण समीक्षेत नेहमी दोष दाखवायला वापरतो. इथे संपूर्ण जोड त्या न दिसणाऱ्या ठिगळावर उभा होता.

रंग जुळवताना मात्र आमचा मतभेद झाला. डोके टेकायच्या उशीखाली, ऊन न लागलेल्या जागी, सीटचा मूळ रंग टिकून होता. तो प्रमाण धरावा असे मला वाटत होते. मामांनी तिकडे पाहिलेही नाही. चिरेशेजारचा आजचा, विटलेला, किंचित पिवळट रंगच त्यांनी चार-पाच वेळा ढवळून साधला. मूळ रंग दिला असता तर डाग उठून दिसला असता. मला भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची आठवण झाली. १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या त्या आवृत्तीत संपादकांनी उपलब्ध हस्तलिखितांवरून शक्य तितका जुना पाठ शोधला, आणि जिथे पाठाची पुरेशी खात्री नव्हती तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ दिली. संपादकाची दुरुस्ती दिसलीच पाहिजे. कारागिराची दिसली तर ती फसली. आपण पहिलीला प्रामाणिक म्हणतो आणि दुसरीला नुसती सफाई. मला ही वाटणी आता तितकीशी मान्य नाही. संपादकाचे नाव मुखपृष्ठावर असते, म्हणून त्याला नागमोडी रेघ परवडते.

मामांच्या दुकानावर त्यांचे आडनाव नाही, आणि ‘चामडे’ हा शब्दही नाही. ‘ऑटो सीट वर्क्स’ असा फलक आहे. मुलगा अभियांत्रिकी शिकतो आणि अर्जावर वडिलांच्या धंद्यापुढे ‘अपहोल्स्टरी’ लिहितो, हे त्यांनी हसत सांगितले. मी हसू शकलो नाही. माझ्या आजोळी चांभाराने शिवून आणलेल्या वहाणा ओट्याखाली ठेवल्या जात आणि पाणी शिंपडल्यावरच घरात घेतल्या जात. त्याच घराच्या मळ्यात मोट होती, तिची चामड्याची सोंड त्याच हातांनी शिवलेली होती, आणि तिचे पाणी मात्र सर्वांना चालत होते. आसूड, पखाल, ढोलकी, मोट: आपली शेती आणि आपली करमणूक कातड्यावर चालली, आणि ते कमावणाऱ्यांना आपण शिवाशिवीत ठेवले. डॉ. आंबेडकरांनी मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडा असे सांगितले, त्यामागे हाच अनुभव होता. तेव्हा ज्याला हा शब्द पुसून टाकावासा वाटतो त्याला मी ‘परंपरेचा अभिमान बाळगा’ म्हणून सांगणे हा शुद्ध उद्धटपणा ठरेल. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानमध्ये तशाच चपला मांडल्या, तेव्हा वर्णनात कोल्हापूरचा उल्लेख नव्हता. टीका झाल्यावर कंपनीने उगम मान्य केला. आपण सर्वांनी अभिमानाने निषेध केला. त्या अभिमानातही चप्पल कोल्हापूरची होती, चांभाराची क्वचितच होती.

भाषेत मात्र हा शब्द अजून तग धरून आहे. कातडी बचावणे, चामडी लोळवणे, एखाद्याच्या उपकारांसाठी आपल्या कातड्याचे जोडे करून घालणे. यांपैकी कुठेही ‘लेदर’ बसवून पाहावे. वर्गात मी ते करून पाहिले, मुले खूप हसली. मग मागच्या बाकावरून एकाने विचारले, “सर, कमावणे म्हणजे पैसे मिळवणे आणि कातडे कमावणे, हे एकच क्रियापद कसे?” बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कच्चे कातडे कसे दिवसेंदिवस मुरते, कुजण्याचा त्याचा धर्म कसा सुटतो, हे मी मामांकडून ऐकलेले सांगितले. तासाची उरलेली २० मिनिटे त्यातच गेली.

जाताना मामांनी पथ्ये सांगितली. खोबरेल लावायचे नाही. वरचा लेप ते आत मुरू देत नाही, नुसती धूळ धरते. ओलसर मऊ फडक्याने पुसायचे, गाडी उन्हात उभी करायची नाही. कडेचा भाग टिकेल, चिरेचा भरवसा नाही, कारण तिथे रोज कोणीतरी बसणार. त्यांचे म्हणणे खरे ठरले. पहिल्या मे महिन्यानंतर चिरेच्या एका टोकाशी केसाएवढी रेघ दिसू लागली. ती दाखवायला गेलो तेव्हा त्यांनी भरण पुन्हा दिले नाही. आरी काढली, मेणाचा दोरा घेतला आणि तिथे चार टाके घातले. ते दिसतात.