अक्षरओळख आणि नर्मदेचा घाट

अक्षरांवरून माणसाशी स्नेह जुळण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. पूर्वी पोस्टकार्डावर जडलेली मैत्री वर्षानुवर्षे चाले आणि एकमेकांचे तोंड न पाहताही माणसे परस्परांच्या सुखदुःखांत सहभागी होत. आता पोस्टकार्डाची जागा भ्रमणध्वनीच्या पडद्याने घेतली आहे. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव आणि ग्वाल्हेर अशा गावी विखुरलेले आम्ही चौदा जण गेली सहा वर्षे रोज रात्री त्या पडद्यावर मराठीत लिहीत आलो. जुने शब्द, सणांची पक्वान्ने, मुलांच्या जिभेवरून निसटत चाललेली भाषा, विषय कोणताही असो, वाद हटकून रंगे. मात्र कोणी कोणास पाहिले नव्हते. गेल्या मार्गशीर्षात सर्वांनी इंदुरास जमावे असे ठरले. अट एवढीच की भाषणे नकोत, हारतुरे नकोत; चालावे, पाहावे आणि एका पंगतीस जेवावे.

प्रत्येकाने आपल्या गावचा खाऊ आणला होता. बेळगावचा कुंदा, बडोद्याचा हिरवा चिवडा, ग्वाल्हेरची गजक, हैदराबादची उस्मानिया बिस्किटे. डबे उघडले आणि निम्मा संकोच तेथेच संपला.

रात्री सराफ्यात गेलो. राजवाड्यामागच्या या पेठेत दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार चालतो. दुकानांच्या फळ्या लागल्या की त्याच ओट्यांपुढे खाद्यपदार्थांच्या गाड्या मांडल्या जातात आणि मध्यरात्रीनंतरही गर्दी हटत नाही. दुधात शिजविलेला भुट्ट्याचा कीस आणि थंडीतच मिळणारे, तळून मसाला भुरभुरविलेले गराडू हातात घेऊन आम्ही उभ्याउभ्याच एकमेकांस न्याहाळीत होतो.

तेथेच एक प्रसंग घडला. आमच्यात बडोद्याचे एक गृहस्थ सर्वांत तिखट लिहिणारे. हैदराबादचा तिशीतला एक अभियंता त्यांच्याशी रोज भांडे आणि त्यांना खुशाल ‘अरे’ म्हणे. समोर काठी टेकीत आलेले चौऱ्याहत्तर वर्षांचे आजोबा पाहताच तो गोंधळला, वाकून पाया पडला आणि ‘काका, तुम्ही’ असे बोलू लागला. वृद्ध गृहस्थांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, “मला ‘अरे’ म्हणणारे एकेक करून गेले. पत्नी गेल्यावर घरात ‘तुम्ही’ म्हणणारेच उरले. तू तरी माझे ‘अरे’ काढून घेऊ नकोस.” क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग तो तरुण हळूच म्हणाला, “बरं, अरे काका, गराडू गार होतोय.” हसण्याची एकच लाट उसळली.

दुसऱ्या दिवशी महेश्वर. इंदुराहून सुमारे नव्वद किलोमीटर. मानपूरनंतर रस्ता विंध्याचा घाट उतरून निमाडात येतो. महेश्वरी पोहोचल्यावर किल्ल्याखालच्या पायऱ्या आणि नर्मदेचे विस्तीर्ण पात्र पाहून बोलकी मंडळीही गप्प झाली. १७२५ साली चौंडीस जन्मलेल्या अहिल्याबाईंनी १७६७ पासून १७९५ मध्ये देह ठेवीपर्यंत माळव्याचा कारभार पाहिला, तो येथूनच. त्यांचा वाडा पाहताना मनात भरतो तो त्याचा साधेपणा. शाहीर अनंतफंदींना बाईंनी लावणीकडून कीर्तनाकडे वळविले अशी आख्यायिका आहे. मराठी शब्दाचा नर्मदाकाठी किती जुना आदर आहे, हे त्या आठवणीने सर्वांस जाणवले.

विणकरांच्या मागांवर रेशीम आणि सुताच्या महेश्वरी साड्या पाहिल्या. त्यांच्या काठांवर किल्ल्याच्या दगडी कोरीवकामातील नक्षी उतरते. काठ दोन्ही अंगांनी सारखाच दिसत असल्याने साडी कशीही नेसता येते, हे विणकराने उलटून दाखविले. ग्वाल्हेरच्या वहिनींनी तेथल्या तेथे दोन घेतल्या.

दुपारी दाल-बाफल्यांची पंगत झाली. बाफला ही बाटीचीच बहीण, पण भाजण्यापूर्वी पाण्यात उकडलेली, म्हणून आतून मऊ. तुपात बुडालेले बाफले पानात पडले आणि ‘बाफला’ शब्द मराठीने आपला मानावा की नाही, यावर बडोदे आणि हैदराबाद यांचे पुन्हा जुंपले. पडद्यावर जो वाद दोन दिवस धुमसला असता, तो येथे एका वाढपात मिटला; कारण भांडता भांडता तरुणाने त्यांच्या पानातले बाफले स्वतः कुस्करून दिले होते. काकांचे दात साथ देत नाहीत, हे त्याला सहा वर्षांत लिखाणातून कधी कळले नव्हते.

लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो, थकवा नसतो, हातातली काठी नसते. विचार जुळले की मैत्री होते हे खरे. परंतु ती मैत्री आपल्याकडून काय मागते आहे, ते शेजारी बसल्याखेरीज कळत नाही. घाटाच्या पायऱ्या चढताना कोणास हात द्यावा लागतो, हे पाहिले तरच हात पुढे होतो.

म्हणून दूरच्या गावी ज्यांचे असे अक्षरस्नेही असतील, त्यांनी वर्षातून एकदा तरी एकत्र जमावे. खर्च समान वाटावा, वृद्धांच्या पावलाने चालावे, मुलांनाही सोबत न्यावे. आमच्याबरोबरची मुले घाटावर आपसांत हिंदीच बोलत होती. पण निघताना काकांनी ‘पुन्हा येशील ना रे?’ असे विचारले, तेव्हा त्यांतल्या सर्वांत धाकट्याने ‘येईन की!’ असे मराठीतच उत्तर दिले.

पुढल्या मार्गशीर्षात पंगत बडोद्यास आहे.