ईनेश्ट्रासे २२ येथील पाटी आणि पुण्याहून गेलेली एक विद्यार्थिनी



पत्रास कारण की, बर्लिनच्या डालेम भागात ज्या इमारतीत राज्यशास्त्राचे वर्ग भरतात, तिच्यावरील पाटीबद्दल विचारणा झाली होती आणि तिचे उत्तर फोनवर दोन वाक्यांत उरकण्याजोगे नाही.

ईनेश्ट्रासे २२ या पत्त्यावरील ही वास्तू आज फ्री युनिव्हर्सिटीकडे असली, तरी ते विद्यापीठ १९४८ साली स्थापन झाले आणि वास्तू त्याहून वीसेक वर्षांनी जुनी आहे. मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र या विषयांसाठी कैसर विल्हेल्म सोसायटीने १९२७ साली जी संशोधनसंस्था काढली, तिचे हे घर. सुप्रजननशास्त्र म्हणजे कोणत्या माणसांनी वंश वाढवावा आणि कोणत्यांनी वाढवू नये, हे आनुवंशिकतेचा हवाला देऊन ठरवू पाहणारी विचारसरणी. आज तिला शास्त्र म्हणून कोणी मान देत नाही, परंतु त्या काळी युरोप-अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांत तिची चलती होती. संस्थेचे पहिले संचालक ऑयगेन फिशर यांनी १९०८ साली जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, रेहोबोथ येथील मिश्र वंशाच्या कुटुंबांचा अभ्यास केला होता आणि १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यावरील ग्रंथाने त्यांचे नाव झाले होते. हिटलर सत्तेवर आल्यावर ते बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. १९४२ साली त्यांच्या जागी ओटमार फॉन फेर्शुअर आले आणि फेर्शुअर यांचा जुना सहायक योझेफ मेंगेले याने आउश्वित्झच्या छळछावणीतून मारल्या गेलेल्या कैद्यांचे डोळे आणि रक्ताचे नमुने याच संस्थेकडे पाठवले. युद्धानंतर दोघांही संचालकांना शिक्षा झाली नाही; फेर्शुअर तर पुढे म्युन्स्टर विद्यापीठात प्राध्यापक झाले. हा इतिहास सांगणारी पाटी लागायला १९८८ साल उजाडले, आणि संशोधक आपल्या संशोधनाच्या परिणामांनाही उत्तरदायी असतो, असे तिच्यावर बजावलेले आहे.

मराठी वाचकाला मात्र या संस्थेत एक ओळखीचे नाव आढळते. ‘युगान्त’ लिहिणाऱ्या इरावती कर्वे यांची डॉक्टरेट याच फिशर यांच्या हाताखाली झाली.

इरावतींचा जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातील. तेथील इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत आणि फर्ग्युसन महाविद्यालयात झाले, त्यानंतर मुंबईत गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहून त्यांनी १९२८ साली एम. ए. केले. पती दिनकर कर्वे स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेले असल्याने पत्नीनेही तेथे जावे असे त्यांना वाटत होते, परंतु सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा त्याला विरोध होता. ज्यांनी १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले, त्यांनी सुनेच्या परदेशगमनाला नकार द्यावा, याचे नवल वाटते खरे. पण सुधारकाच्या घरालाही उंबरा असतोच. अखेर काँग्रेसचे पुढारी जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जावर ही विद्यार्थिनी बर्लिनला पोहोचली.

तिला मिळालेला विषय होता मानवी कवटीची असममिती, म्हणजे डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी नसणे. अशा कामात कवटीच्या मधोमध समोरून मागे जाणारी एक काल्पनिक पातळी धरतात, हाडांच्या सांध्यांवरील ठरावीक बिंदू दोन्ही बाजूंना हेरतात आणि कंपासासारख्या दोन टोकांच्या मापकाने त्या पातळीपासूनची अंतरे मिलिमीटरमध्ये टिपून घेतात. एक कवटी संपली की दुसरी, आणि शेवटी आकड्यांचे तक्ते. शरीराची मापे घेऊन माणसांच्या गटांची तुलना करणाऱ्या या पद्धतीला मानवमिती म्हणतात. इरावतींनी १४९ कवट्या मोजल्या आणि त्यांत पूर्व आफ्रिकेतील जर्मन वसाहतीतून आणलेल्या कवट्याही होत्या. त्या तेथून बर्लिनपर्यंत कशा आल्या, हे विचारण्याची तेव्हाच्या मानववंशशास्त्रात रीत नव्हती.

फिशर यांचा होरा असा होता की युरोपीय माणसाची बुद्धी अधिक तर्कनिष्ठ असते, त्यासाठी त्याच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग मोठा असतो आणि म्हणून त्याची कवटीही अधिक असममित निघाली पाहिजे. तक्ते तसे बोलेनात. असममिती सर्वच गटांत आढळली, परंतु तिचा वंशाशी संबंध दिसला नाही, आणि इरावतींनी प्रबंधात तसेच लिहिले. परभाषेत लिहिणारी, कर्जाऊ पैशांवर राहणारी आणि जिची पदवी एका प्राध्यापकाच्या पसंतीवर अवलंबून आहे अशी विद्यार्थिनी हे लिहिते, याचे मोल निष्कर्षाइतकेच आहे. फिशर यांनी तिला उत्तीर्ण होण्यापुरतीच, सर्वांत खालची श्रेणी दिली, असे तिचे चरित्रकार सांगतात. पदवी १९३० साली मिळाली आणि प्रबंध पुढच्या वर्षी छापून आला.

येथे गोष्ट थांबवली तर ती सोयीची होईल, पण पुरी होणार नाही. इरावतींनी वंशश्रेष्ठत्वाचा एक दावा आकड्यांनी खोडला, परंतु माणसे मोजण्याची विद्या टाकली नाही. डेक्कन कॉलेजात १९३९ पासून अध्यापन करताना त्यांनी महाराष्ट्रातील अनेक जातींची मापे घेतली आणि वि. म. दांडेकर यांच्यासह १९५१ साली त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. एकाच वर्णात गणल्या जाणाऱ्या पोटजाती, उदाहरणार्थ देशस्थ आणि चित्पावन, या एका मूळ समूहाचे तुकडे नसून आपापल्यातच लग्ने करणारे, वेगवेगळ्या उगमांचे गट आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. घुर्ये यांच्या मांडणीशी ते सरळ भिडणारे होते. गुरूशी मतभेदाची त्यांना बहुधा सवयच होती, पण हत्यार डालेमचेच राहिले. नात्यागोत्यांवरील १९५३ च्या त्यांच्या ग्रंथात आणि मराठी ललित लेखनात दिसणाऱ्या इरावती या मापकाच्या फार पुढे गेलेल्या आहेत, आणि वाचकाने त्यांना तेथेच अधिक मान द्यावा.

माणसांची वंशवार विभागणी करण्याचा प्रश्न डालेममध्ये अलीकडेही पुन्हा उभा राहिला. २०१४ साली त्या इमारतीपासून हाकेच्या अंतरावर, विद्यापीठाच्या ग्रंथालयाजवळ खोदकाम चालू असताना मानवी हाडे सापडली आणि पुढील उत्खननांत मिळालेल्या तुकड्यांची संख्या सुमारे १६,००० वर गेली. ही हाडे कोणत्या लोकांची, हे तपासून त्यांची पुन्हा वंशवार विभागणी करायची नाही, असा निर्णय ज्यू, सिंती व रोमा आणि कृष्णवर्णीय समाजांच्या प्रतिनिधींशी विचारविनिमय करून घेण्यात आला, आणि २०२३ साली ती सर्व डालेमच्या दफनभूमीत एकत्र पुरली गेली.

 

— सदाकाका